दोसुतीवरचं पाणी

संपादक बाईंनी निरोप धाडला की टीव्ही मिस्त्री म्हणून जन्म घालवलात, त्यातलं काही दिवाळी अंकासाठी लिहा. मी म्हणालो, सातवीत दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, मला लिहिणं काय जमणार. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. तर तसंच लिहितो. नाही आवडलं तर पान उलटावं, पुढं कुणाची तरी कविता असेलच.

माझं दुकान औरंगाबादेत, गुलमंडीच्या मागच्या एका बोळात होतं. दुकानाला लागूनच आमच्या दोन खोल्या. टीव्ही दुरुस्ती हे अर्धं काम धूळ पुसण्याचं आणि अर्धं गिऱ्हाइकाची समजूत काढण्याचं. एक हेडमास्तर यायचे. त्यांचा टीव्ही रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळी थरथरायचा. उघडून पाहिला तर आत पाल. नळीच्या उबेला येऊन बसायची. ती न मारता काढा म्हणाले. काढली, मागच्या भिंतीवर सोडली. पंधरा दिवसांनी टीव्ही परत, आत पाल. मास्तर म्हणाले, तीच आहे. मी म्हणालो, सर, तुम्ही पालीला चेहऱ्यानं ओळखता? म्हणाले, घरात राहणाऱ्याला माणूस ओळखतोच. त्या टीव्हीला मी मागून बारीक जाळी लावून दिली. असली कामं मला आवडायची. पण मला आज सांगायचंय ते एका वेगळ्याच यंत्राचं.

दुष्काळाचं वर्ष होतं. शहराला नळ चौथ्या-पाचव्या दिवशी यायचा, तोही घटकाभर. त्या उन्हाळ्यात पठाडे नावाचा एक तरुण इंजिनिअर दुकानात आला. मूळचा पैठणकडचा, घरी जमीन चांगली, पण शहरालगत नवे कारखाने उभे राहत होते तिथं हा नोकरीला लागलेला. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर शाळेच्या पाटीएवढं काळं यंत्र, वर रबराची बटणं. मी विचारलं, कॅल्क्युलेटर आहे का? तो म्हणाला, कॉम्प्युटर आहे. मी म्हणालो, बाकीचा कुठाय?

बाकीचा नव्हताच. त्याच्या चुलतभावानं परदेशातून धाडलेलं ते यंत्र. घरचा टीव्ही हाच त्याचा पडदा आणि साधा टेपरेकॉर्डर ही त्याची वही. कॅसेट लावायची, पाच मिनिटं कोल्हेकुई ऐकायची, मग त्या आवाजातून यंत्र आपलं काम उचलायचं. अडचण अशी की परदेशातले टीव्ही ज्या पट्टीत चित्र पकडायचे ती पट्टी आपल्या तेव्हाच्या टीव्हीत नव्हतीच. पठाडे सगळ्या शहरात फिरून आला होता. मी तीन दिवस झटलो. शेवटी यंत्र उघडून चित्राची तार थेट काढली आणि टीव्हीच्या पोटात नेऊन जोडली. तेव्हाच्या टीव्हीच्या पत्र्यात करंट असायचा. हात चुकला आणि मी स्टुलावरून खाली. माझी बायको झुंबर चहा घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, "यंत्र बरं हाय ना?"

यंत्र बरं होतं. पडदा पांढरा झाला, खाली इंग्रजीत एक ओळ आली. पठाडेनं चुलतभावाची एक कॅसेट लावली, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा डेमो पाहिला.

डेमो म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे, कारण त्याचा उपयोग काहीच नाही. तो खेळ नाही, हिशेब नाही, पत्र नाही. यंत्र बनवणारा सांगतो की ह्याच्याकडून इतकंच होईल. काही येडी माणसं म्हणतात, बघू. मग त्याच एवढ्याशा यंत्राकडून पडद्यावर गोळे फिरव, अक्षरं नाचव, ज्याला फक्त टिक् करता येतं त्याच्याकडून गाणं वाजवून घे, असं चालतं. मल्लखांबावर चढून माणूस काय आणतो? काही नाही. पण तो वर उलटा झाला की खालचे सगळे श्वास धरतात. तसंच ते. आणि शेवटी खालून एक ओळ सरकत जाते. हे कुणी केलं त्यांची नावं, आणि दोस्तांना सलाम. ही त्यांच्यातली रीत. ओळ नसलेला डेमो म्हणजे आमंत्रण नसलेलं लग्न.

पठाडे दर रविवारी दुपारी येऊ लागला. त्यानं देवळाणकर सरांना आणलं. सर शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या घरात पूर्वी भिक्षुकी, पण सरांनी सगळी पूजा आकड्यांची मांडली होती. यंत्राला सांगायचं ते सगळं ते पेन्सिलनं वहीत लिहायचे. तिसरे आमचे शेजारी सलीमभाई. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. यंत्राचं टिक् टिक् ऐकून कुतूहलानं आत आले आणि म्हणाले, "मिस्त्री, ये सुर में नहीं है. मेरे को दो." तेव्हापासून गाण्याचं खातं त्यांच्याकडं. डेमोला ते करामत म्हणायचे. चौथा मी. मला ना गणित ना गाणं. मी यंत्र जिवंत ठेवायचो.

ते सोपं नव्हतं. उन्हाळ्यात यंत्र तापायचं आणि मधेच मान टाकायचं. कुलरला पाणी नव्हतं, प्यायलाच नव्हतं तर कुलरला कुठून. एका रविवारी झुंबर आली, यंत्राखाली हात घालून पाहिला आणि आतून लोखंडी तवा आणून त्याच्यावर यंत्र ठेवलं. म्हणाली, ताप तव्यात उतरतो, रोजचं बघते मी. त्या दिवशी यंत्र दुपारभर चाललं. पुढं मी जुन्या ॲल्युमिनियमच्या झाकणाचा तुकडा कापून आतच बसवला, पण अक्कल तिची.

तिचा एक नियम होता. रविवारी यायचं तर आपापलं पाणी घेऊन यायचं. सर पितळी कळशी आणायचे, पठाडे स्कूटरवर प्लास्टिकचा कॅन, सलीमभाई बँडच्या पेटीत बाटल्या. चार घरच्या पाण्याचा चहा व्हायचा. सर एकदा कळशी विसरले. तिनं सगळ्यांना चहा दिला, सरांना नुसती कपबशी. सर मुकाट घरी गेले आणि कळशी घेऊन आले. नंतर सांगायचे, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी गृहपाठासाठी घरी धाडलं.

आता झुंबर यात कशी शिरली ते सांगतो. सरांना अक्षरं मराठीत हवी होती. यंत्रात इंग्रजीच होती. पण प्रत्येक अक्षराची एक चौकट, त्या चौकटीत आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ घरं, आणि कुठलं घर भरायचं कुठलं मोकळं ठेवायचं ते आपण सांगू शकतो, एवढी मुभा होती. सर चौकोनी कागदावर 'क' काढत बसले होते. खोड, रबर, खोड, रबर. झुंबर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सर, हे तर दोसुती हाय."

दोसुतीचं कापड आता पोरींना ठाऊक नसेल. जाड विणीचं, त्याच्यात आपोआप चौकोन दिसतात, एकेका चौकोनात लोकरीची किंवा दोऱ्याची फुली घालायची आणि फुलीफुलीतून पोपट, गुलाब, सुस्वागतम् भरायचं. त्यात तिचा हात धरणारं बोळात कुणी नव्हतं. तिनं कापड आणलं आणि मांडीवर घेऊन तासाभरात 'क' घातला. आठ घरांत आठ. सरांच्या 'क'पेक्षा देखणा.

पुढची अडचण आकड्यांची. यंत्राला फुली कळत नाही, आकडा कळतो. सर तिला शिकवायला लागले. आठ घरांना आठ किमती. उजवीकडून एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. ज्या घरात फुली त्याची किंमत धरायची, ओळीची बेरीज करायची, तो आकडा यंत्राला द्यायचा. कॉलेजातल्या पोरांना हे समजायला आठवडा लागतो म्हणे. झुंबर चौथी शिकलेली, पण तिचा बाप मोंढ्यात मापाडी, धान्य मोजून देणारा. ती म्हणाली, "म्हंजे छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर, दोन शेर, पायली, दोन पायल्या. दर माप मागच्याच्या दुप्पट." सरांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. आमच्याकडं चार शेराची पायली. मोजून पाहा, बरोबर आठ मापं होतात. दोन्ही टोकांना फुली असेल तर दोन पायल्या आणि एक छटाक, म्हणजे एकशे एकोणतीस. त्यानंतर रीतच पडली. ती कापड मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचायची आणि तोंडानं आकडा सांगायची, सर बटणं दाबायचे. चित्राचा आकडा कुणी वहीत लिहिलाच नाही. कशाला लिहायचा, कापड होतं की.

अक्षरंही लागतील तेवढीच काढायची, जास्तीचं एक नाही. यंत्राचं डोकं लहान, एकेका अक्षराला आठ आकड्यांची जागा जाते. आणि टाका चुकला तर ती उसवायची. पुढचं कितीही काम झालेलं असो, त्या टाक्यापर्यंत मागं उसवत जायची. आम्ही म्हणायचो, अगं एक तर आहे, कुणाला दिसणार. ती म्हणायची, चुकीचा टाका तसाच ठेवला की माझा डोळा लागत नाय.

त्या वर्षी हर्सूलचा तलाव आटला. आम्ही सगळे एका संध्याकाळी बघायला गेलो. जिथं पाणी असायचं तिथं भेगा पडलेल्या आणि मधोमध एक बगळा उभा. कशाची वाट बघत होता कोण जाणे. परत येताना सर म्हणाले, पाणी करू. पडद्यावर पाणी हलवून दाखवू. हे त्या यंत्रात जमत नाही असं पठाडेनं पुस्तकातून वाचून दाखवलं. सरांनी ते पुस्तक मिटून ठेवलं.

तीन महिने लागले. लाटा सरांच्या, सूर सलीमभाईंचा, चित्र झुंबरचं. सगळं चित्र नव्यानं काढायला जागा नव्हती, म्हणून तिनं थोडे ठसे काढले आणि तेच फिरवून फिरवून वापरले, हिमरूच्या शालीवर एकच वेल फिरून येते तसे. यंत्राचा आणखी एक हट्ट होता, एका चौकटीत दोनच रंग. बगळा पांढरा, पाणी निळं, चोच पिवळी, तीन झाले. सर म्हणाले चोच पांढरी करा. ती म्हणाली, पांढऱ्या चोचीचा बगळा तुमच्या शाळेत असल. तिनं बगळा जरासा वर सरकवला, चोच शेजारच्या चौकटीत गेली आणि भांडण मिटलं. गंमत म्हणजे आमचा टीव्ही काळा-पांढरा. रंग होते ते फक्त तिच्या दोसुतीवर. आम्ही पडद्याकडं बघायचो आणि रंगासाठी तिच्या मांडीकडं.

'पाणी' पहिल्यांदा लागलं तेव्हा बोळातली माणसं दुकानापुढं जमली. घरोघर रिकाम्या घागरी आणि माझ्या दुकानात तलाव हलतोय. शेजारची म्हातारी आत आली, काचेवर तळहात टेकवला आणि बाहेरच्या बायांना ओरडून सांगितलं, "कोरडंच हाय गं." सगळा बोळ हसला. त्या दुष्काळात एवढं हसलेलं मला आठवत नाही.

खालून ओळ सरकली. गुलमंडी, औरंगाबाद येथून देवळाणकर, पठाडे, सलीम, गणपत यांचा सलाम. गणपत म्हणजे मी. तेव्हा शहराचं नाव ते होतं.

आता वकीलसाहेबांचं. गारखेड्याला तेव्हा प्लॉट पडत होते, चार बंगले आणि बाकी बाजरी. तिथल्या एका वकिलानं रंगीत टीव्ही घेतला होता आणि तो दुरुस्तीला माझ्याकडं आला. बिघाड किरकोळ होता, पण मी आठ दिवस सांगितले. खोटं बोललो, उघड सांगतो. रविवारी त्याच्यावर 'पाणी' लावलं. निळं पाणी, पांढरा बगळा, पिवळी चोच, जसं दोसुतीवर तसंच्या तसं. सलीमभाई क्लॅरिनेट ठेवून उभे राहिले. झुंबर पदर तोंडाला लावून बघत राहिली. तेवढ्यात वकीलसाहेब दारात. मी म्हणालो, टेस्टिंग चालू आहे साहेब. ते म्हणाले, "चालू द्या." स्टूल ओढून बसले, दोनदा बघितलं आणि विचारलं, "हे चित्र कुणी काढलं?"

झुंबर तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी म्हणालो, "आमच्या टोळीनं."

ते गेले, टीव्ही तसाच ठेवून गेले, आणखी आठ दिवस टेस्टिंग करा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या करामतीच्या फुल्या मोजता मोजता म्हणाली, "तुमच्या टोळीत मी बी हाय का?"

मी हसलो. म्हणालो, "तुझ्या नावाला मशिनीत जागा नाही."

ती बरं म्हणाली आणि पुढची ओळ मोजायला लागली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आणि मीही कुणाला विचारलं नाही.

वर्षं गेली. शहर वाढलं. बोळ सोडून आम्ही गारखेड्यालाच दोन खोल्यांत आलो, बाजरीच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. टीव्ही चपटे झाले, बिघडले की लोक दुरुस्त करीत नाहीत, फेकतात. माझा धंदा असा गेला की शेवटचं गिऱ्हाईक कोणतं तेही सांगता येत नाही. दुष्काळ मात्र येत जात राहिले आणि रविवार चालू राहिला. टोळी म्हातारी झाली. पठाडेच्या डोक्यावर केस राहिले नाहीत. त्यानं फोनवरून शोधून काढलं की जगभर असली येडी माणसं अजून आहेत, तीच जुनी यंत्रं पुसून जपतात, त्यांच्यावर अजून नवे डेमो करतात, एकमेकांना सलाम धाडतात. झुंबर म्हणाली, बरं झालं, मला वाटत होतं हा रोग आपल्याच घरात हाय.

मागच्या पौषात ती गेली. चार दिवस ताप आला आणि गेली. त्याच्यावर मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तिच्यामागं पहिले काही रविवार मी दार उघडलं नाही. मग एका रविवारी तिघं आले ते पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. आता चोवीस तास नाही तरी पुरेसं पाणी असतं. तरी आणल्या. मी दार उघडलं.

पावसाळ्यात पठाडे म्हणाला, इथल्याच एका कॉलेजच्या हॉलमध्ये या येड्या लोकांचा मेळावा आहे, पुण्याचे, हैदराबादचे येणार आहेत, त्यांना 'पाणी' बघायचंय. खऱ्या यंत्रावर, खऱ्या नळीच्या टीव्हीवर. दिवस ठरला होता, तिचं वर्ष व्हायच्या आतला. मी कपाटातून कॅसेट काढली. पट्टीला पांढरी बुरशी. लावली तर कोल्हेकुई सुरू झाली, पण घसा बसल्यासारखी. झुंबर नुसत्या आवाजावरून सांगायची, आज नाय लागायचं. आम्ही चौघांनी माना हलवल्या. नाही लागलं. दुसरी प्रत नव्हती.

सर ऐंशीच्या पुढं. म्हणाले, लाटांची वही माझ्याकडं आहे, पण चित्र गेलं. अक्षरंही गेली. आणि मग सगळ्यांनी एकदमच टीव्हीकडं पाहिलं. टीव्हीवर कापड होतं. तेव्हा घरोघर टीव्हीला भरतकामाचं झाकण घालायचे, झुंबरनं त्याच दोसुतीला झालर लावून आमच्या टीव्हीचं झाकण केलं होतं. मधे तलाव, कडेनं सगळी अक्षरं. इतकी वर्षं मी रोज ते उचलून बाजूला ठेवत होतो, आणि 'पाणी' त्याच्यावरच होतं.

तीन रविवार मोजलं. निळा दोरा धुऊन धुऊन राखाडी झालेला, एका कोपऱ्यात उंदरानं खाल्लेलं. पण ठसे फिरून येणारे, इथं गेलं तर तिथं सापडायचं. मी भिंग लावून मोजायचो, दोन पायल्या, शेर, अदपाव, आणि सर थरथरत्या बोटांनी बटणं दाबायचे. सलीमभाईंचा दम गेलाय, त्यांनी सूर तोंडानं गुणगुणून पठाडेकडून बसवून घेतला. एकदा मी आकडा चुकलो तर म्हणाले, "भाभी होती तो अभी कपबशी मिलती तुमको, चाय नहीं."

शेवटी ओळ आली. सर वहीतून वाचायला लागले. देवळाणकर, पठाडे, सलीम, गणपत. मी म्हणालो, थांबा. झुंबरचं नाव घाला. आधी तिचं. सरांनी वहीतून मान वर केली. मी म्हणालो, तेव्हा जागा नव्हती, मला माहीत आहे. पण आता माझं काढा आणि तिचं घाला.

सरांनी चष्मा काढला, वहीची मागची पानं उलटली, बोटानं काहीतरी मोजलं. सर खोटं बोलत नाहीत, तीच त्यांची खोड आहे.

"जागा होती, मिस्त्री. शेवटी बरीच उरली होती."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"मला कुणी विचारलंच नाही. आणि मलाही सुचलं नाही. चूक काही तुमच्या एकट्याची नाही."

मी उठून आत गेलो. मोरीत तोंड धुतलं. जागा आहे की नाही हे मला कळत नव्हतं आणि मी तिला नाही म्हणून सांगितलं, तेही हसत. टीव्हीत बिघाड कुठं ते कळेपर्यंत मी कधी गिऱ्हाइकाला उत्तर दिलं नाही. घरच्या माणसाला दिलं.

बाहेर आलो तर पठाडे कापडावर वाकलेला. म्हणाला, "काका, काकूंच्या नावातलं सगळं आहे. गुलमंडीतला उकार आहे, अनुस्वार आहे, औरंगाबादचा ब आणि र आहे. एक झ नाही." कुणाच्याच नावात झ नव्हता, म्हणून तिनं तो कधी काढलाच नव्हता. लागेल तेवढंच काढायचं. सर म्हणाले, मी काढतो कागदावर. मी म्हणालो, कागदावर नाही. आपल्यात आधी कापडावर होतं. आणि ते मी करणार.

जन्मभर मी सोल्डरिंगचा डाक लावलाय, केसाएवढ्या तारा जोडल्यात, पण सुईत दोरा ओवायला मला अर्धी सकाळ लागली. तिच्या डब्यातला निळा दोरा घेतला. झ हे अक्षर कुणी केलं त्याला धरून आणलं पाहिजे. पोट आहे, शेपूट आहे, मधे दांडी आहे, आणि बाजूला काना. आठ घरांत बसवायचं म्हणजे गाभणी म्हैस न्हाणीघरात बसवायची. तीनदा घातला, तीनदा उसवला. बोटं टोचून घेतली. चौथ्यांदा जे झालं त्याला लांबून बघितलं तर झ म्हणावंसं वाटलं. आठ ओळी मोजल्या, सरांना आठ आकडे सांगितले. सर एकेक आकडा परत म्हणत होते, पूर्वी तिच्यामागं म्हणायचे तसे.

मेळाव्याला मी धुतलेला सदरा घालून गेलो. हॉलमध्ये टेबलांवर जुनी यंत्रं मांडलेली, त्यांच्यापुढं टकलं पडलेले बाप्ये बाळाचा लंगोट बदलावा तसे वायरी बदलत होते. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या टेबलावर मेळाव्यानं दिलेला रंगीत नळीचा टीव्ही, शेजारी यंत्र, त्याच्याखाली तवा. एकानं विचारलं, हे काय? मी म्हणालो, कुलिंग. त्यानं वाकून फोटो काढला.

सुरू करायच्या आधी पठाडेनं एकदा ओळ तपासली आणि माझ्या कानाशी आला.

"काका, झ ला खाली एक टाका जास्तीचा पडलाय. उजव्या टोकाला. एका आकड्यातून छटाक कमी केलं की जाईल. करू?"

मी बघितलं. होता. पहिल्या रांगेतल्या कुणालाही दिसला असता.

"राहू दे," मी म्हणालो. "लाव."

तलाव हलला. बगळ्याची चोच पिवळी होती. मागच्या रांगेतून कुणीतरी अरे वा म्हणालं. सलीमभाई डोळे मिटून बोटांनी मांडीवर ताल धरत होते. मग खालून ओळ आली, उजवीकडून डावीकडं, सावकाश. गुलमंडी, औरंगाबाद येथून. झुंबर. मग बाकीचे आम्ही.

लोक नंतर सरांच्या लाटांबद्दल विचारत होते. हैदराबादच्या एका बाईंनी विचारलं, चित्र कुणाचं? या वेळी मी नीट उत्तर दिलं. पूर्ण नाव सांगितलं, बाप मोंढ्यात मापाडी होता तेही सांगितलं.

ते कापड पुन्हा टीव्हीवर घातलंय. कोपऱ्यात माझा झ आहे, एका जास्तीच्या टाक्याचा. रविवारी टोळी आली की सर तो दाखवून म्हणतात, मिस्त्री, उसवा की आता. मी उसवत नाही. तिचा डोळा लागत नसेल तर तिनंच येऊन उसवावा.